चादरीचं दुसरं टोक

क्लाराबाई,

तुम्ही जाऊन महिना झाला; शनिवारी चर्चमध्ये तुमची महिन्याची मिस्सा झाली. तिसऱ्या रांगेत तुमची रोशेल होती. तिच्या मागे झल्लाकच्या हॉटेलातल्या तुमच्या सहा बायका बसल्या होत्या, कामाच्या गणवेशातच, कारण स्टाफची बस बाहेर उभी होती. मी शेवटच्या बाकावर होतो. एकूण एक्केचाळीस माणसं होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मोजून झालं ना? मग आता हात जोडा, पत्रकार."

मिस्सेनंतर रोशेलने मला बाजूला घेतलं. तुमची निळी फाइल तिच्या हातात होती. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते हे तुमचं दुःख मला माहीत आहे. त्या दिवशी तिने अर्धंअर्धं केलं. "अंकल, पब्लिशरचा मेल आलाय. धिस मंथ एंडपर्यंत फायनल कॉपी पाहिजे. अँड दॅट पॅराग्राफ... मम्मीने सांगितलं होतं, काढला तरी चालेल. पत्रकार म्हणतील तसं, शी सेड."

मी विचारलं, "हे कधी म्हणाल्या?"

"तिच्या लास्ट वीकमध्ये. ती म्हणाली, बुक जाऊ दे. आता खलास, भांडण नको."

म्हणजे मी जिंकलो होतो. सहा महिने चाललेला वाद तुम्ही एका वाक्यात माझ्या बाजूने सोडून दिलात, आणि तोही माझ्यासमोर नाही. फाइल घेऊन मी हमद टाउनला घरी आलो. एकोणिसाव्या शतकातल्या मेक्सिकोतल्या कामकरी बायकांवर तुम्ही मराठीत लिहिलेलं पुस्तक, नऊ प्रकरणं, दोनशे बारा पानं. सातव्या प्रकरणातल्या अकरा ओळींवर माझी लाल चौकट. ती चौकट ठेवायची की पुसायची, हे आता मला एकट्याला ठरवायचं होतं.

तुमच्या आयुष्याच्या तारखा इथे देणार नाही. आपल्या बहरीनच्या मराठी मंडळाच्या अंकात त्या दुसऱ्या पानावर फोटोखाली येतीलच. मला फक्त या अकरा ओळींबद्दल बोलायचं आहे, आणि ते तुमच्याशीच बोलायला हवं.

आपली ओळखही चुकांवरूनच झाली. मंडळाच्या हळदीकुंकवाला तुम्ही आला होतात, वसईची ख्रिस्ती बाई, हातात वाण आणि काखेत वही. माझ्या बायकोने तुम्हाला सांगितलं होतं की हे पेपरात डेस्कवर असतात, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतात. तुम्ही सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या. "माझ्या काढाल?"

मी म्हटलं, "कशातल्या?"

"मेक्सिकोतल्या."

मला वाटलं, तुम्ही थट्टा करताय. वही उघडली तर पहिल्याच पानावर दगडाच्या एका पाट्याचं चित्र होतं, बॉलपेनने काढलेलं. तीन पायांचा, पुढे उतरता पाटा. तुमच्या हॉटेलात तेव्हा लुपे नावाची मेक्सिकन स्वयंपाकीण होती. तिने आपल्या आजीचा पाटा सामानातून आणला होता. विमानात वजन जास्त झालं म्हणून कपडे काढून ठेवले होते, पाटा नाही. तुम्ही लाँड्रीतून किचनचे टॉवेल पोचवायला गेलात आणि बाई गुडघ्यांवर बसून वाटताना पाहिलीत. "आमची आई बसून वाटायची," तुम्ही सांगितलंत, "ही गुडघ्यांवर बसून. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, आमच्याकडे असंच. मी म्हटलं, किती वर्षांपासून? ती म्हणाली, मला काय माहीत, जाऊन वाच. म्हणून वाचलं."

तुम्ही वाचलंत म्हणजे काय केलंत, ते पुढे मला कळत गेलं. ड्यूटी संपल्यावर लुपेकडून स्पॅनिश शिकलात, ती परत गेल्यावर फोनवरून. तिथल्या जुन्या वर्तमानपत्रांची आणि कागदपत्रांची इंटरनेटवर ठेवलेली पानं एकेक उघडून, शब्दकोश शेजारी ठेवून उतरवलीत. दहा वर्षं. मी तीस वर्षं बातम्या तपासतोय. इतका टिकून राहिलेला वार्ताहर माझ्या पाहण्यात नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्याकडे डेस्कवर चांगल्या कॉपीबद्दल कुणी काही बोलत नाही. कॉपी फक्त पुढे पाठवली जाते.

दर शुक्रवारी साडेतीनला आपण हूराच्या त्या मलबारी हॉटेलात बसायचो. इथला कडक दुधाचा करक चहा, तुमचा बिनसाखरेचा, माझा साखरेचा. बाहेर गाड्यांचे हॉर्न, आत टीव्हीवर फुटबॉल. आणि मध्ये प्लॅस्टिकच्या टेबलावर मेक्सिको शहर.

तंबाखूच्या सरकारी कारखान्याचं प्रकरण आपण तिथेच वाचलं. ओळीने बसलेल्या बायका सिगारेटी वळताहेत, रोजचा नेमून दिलेला नग पुरा झाल्याशिवाय घरी जायचं नाही. नग वाढवला की त्या एकत्र जमून दाद मागायच्या. मी समासात लिहिलं होतं, "बायकांचं म्हणणं काय होतं?" तुम्ही म्हणालात, "त्यांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलंय? मॅनेजरचं ठेवलंय. तो वर कळवतो की बायका उर्मट झाल्या आहेत. उर्मट म्हटलं की मी समजते, यांनी काहीतरी मागितलं."

"हे अनुमान झालं."

"अहो, आमच्या रजिस्टरमध्येही माझ्या नावापुढे उर्मट लिहिलंय. मी साबण बदलून मागितला होता. पोरींच्या हाताची सालं निघत होती."

ते वाक्य मी ठेवलं, "असावं" घालून. तुम्ही त्या "असावं"कडे बघून म्हणालात, "तुमचं हे असावं म्हणजे कपड्याला जास्तीची नीळ. थोडी बरी, फार झाली की कपडा मेला."

दळणाऱ्या बायकांचं प्रकरण आठवतं? चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका, पहाटेपासून पाट्यावर, घरच्यांसाठी आणि विकण्यासाठीही. मी तास विचारले. रोज नक्की किती तास? तुम्ही वही मिटलीत. "पाव किलो भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटून या, मग तास विचारा." मी म्हटलं, माझ्याकडे पाटा नाही. "मिक्सर असलेला माणूस तास विचारतो," तुम्ही म्हणालात, आणि चहा मागवलात.

घरकामाच्या बायकांना जुन्या मालकाच्या शेऱ्याचा कागद जवळ ठेवावा लागायचा, तो शेरा चांगला नसेल तर पुढचं काम मिळणं कठीण, हे वाचताना तुम्ही मान वर केलीत. बाजूच्या टेबलावर दोन मुली बसल्या होत्या, बहुधा कुणाच्या घरी कामाला असणाऱ्या, एक बिर्याणी दोघींत. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत आणि पान उलटलंत.

खानेसुमारीवर मात्र खूप हसलात. व्यवसायाच्या रकान्यात बाईपुढे पुष्कळदा काहीच नाही, किंवा 'स्त्रीजातीला साजेशी कामं' अशा अर्थाचे दोन-तीन शब्द. "स्त्रीजातीला साजेशी," तुम्ही म्हणालात, "म्हणजे सगळीच की हो. मग इतकी मोठी यादी कशी लिहिणार बिचारा!"

मी तुमची विशेषणं काढत गेलो. बिचाऱ्या, गरीब, सोशिक. यावर आपलं कधीच भांडण झालं नाही. उलट एका शुक्रवारी तुम्हीच म्हणालात, "बरं केलंत. गरीब कशाला लिहायचं? कसबी लिहा." मी म्हटलं, कसबी हेही विशेषणच आहे. "ते राहू द्या. त्याला पुरावा आहे. माल बघा ना." ते मी ठेवलं. पुस्तकात ते नऊ वेळा आहे.

मग सातवं प्रकरण आलं, धुणं धुणाऱ्या बायकांचं.

मेक्सिकोत शतकाच्या मधल्या काळात निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांची चित्रं छापून विकण्याची पद्धत होती. पाणी वाहणारा, कोळसेवाला, टॉर्टिया विकणारी, धोबीण. घेणारे ती दिवाणखान्यात बसून बघायचे. तुम्ही त्यातलं एक निवडलं होतंत. चित्रकाराचं नाव कळलेलं नाही. कालव्याच्या काठावर एक बाई उभी आहे, पदर खोचावा तसा घागरा वर खोचलेला, आणि दोन्ही हातांत मोठी चादर पिळते आहे. चादर तिच्या हातांपासून आडवी, ताणलेली, उजवीकडे चित्राच्या कडेपर्यंत जाते आणि तिथे चित्र संपतं.

तुमच्या अकरा ओळी त्याच्यावर होत्या. त्या मला आता पाठ आहेत. थोडक्यात असं: ही चादर एकटीने पिळलेली नाही. खुंटीला किंवा झाडाला एक टोक बांधून पिळली तर पीळ हाताच्या बाजूला घट्ट पडतो आणि बांधलेल्या टोकाकडे सैल राहतो. या चित्रात पीळ बाईच्या हाताशी घट्ट आहे, मध्ये सैल आहे, आणि कडेपाशी पुन्हा घट्ट आहे. म्हणजे तिकडूनही कुणीतरी उलट्या दिशेने पिळत होतं. चित्रकाराने जे पाहिलं ते हाताने खरं काढलं, पण त्याला एक सुंदर एकटी बाई हवी होती. दुसऱ्या टोकाची बाई त्याने चौकटीबाहेर ठेवली. धुण्याचं काम कधी एकटीचं नसतं. ते एकटीचं दिसतं ते बघणाऱ्यामुळे.

मी चौकट काढली आणि समासात एक शब्द लिहिला. स्रोत?

"स्रोत म्हणजे?" तुम्ही विचारलंत.

"हे कोणत्या पुस्तकात, कागदात आहे?"

"कुठेच नाही. चित्रात आहे."

"चित्राचा हा अर्थ कुणी लावलाय?"

"मी."

"तुम्ही लेखिका आहात. लेखक स्वतःचा स्रोत नसतो."

तुम्ही टेबलावरचा कागदी रुमाल घेतलात, चहात बुडवलात आणि पिळून दाखवायला लागलात. तो फाटला. मलबारी पोऱ्या नव्हता, मालक स्वतः फडकं घेऊन आला, "क्या हुआ चेच्ची?" चेच्ची म्हणजे त्याच्या भाषेत ताई. तुम्ही म्हणालात, "कुछ नहीं, पढ़े-लिखे आदमी को कपड़ा धोना सिखाती हूँ." तो हसला. मीही हसलो. पण चौकट पुसली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी तोडगा आणला. टीप द्यायची: लेखिकेने सव्वीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत काम केलं आहे, हे निरीक्षण त्या अनुभवावर आधारलेलं आहे. अकरा ओळी राहतील, नियमही राहील. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल.

तुमचा चेहरा उतरला. "हे नाही लिहायचं."

"का? खरं आहे."

"इथे बहरीनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं मला काही नाही. मंडळात, चर्चमध्ये, कुठेही सांगा. पण पुस्तकात नाही. एकदा ते छापलं की लोक पुस्तक नाही वाचणार. माझ्याकडे बघतील. लाँड्रीवाल्या बाईने पुस्तक लिहिलं, केवढं कौतुक! मग त्या धोबिणीसारखंच की हो. चित्र काढतील आणि भिंतीवर लावतील."

मी म्हटलं, "मग स्रोत नाही. स्रोत म्हणजे ज्याला पुन्हा फोन करून विचारता येतं. नाव नाही, तर ओळ नाही."

"माझा हात पुरावा नाही?"

"नाही."

हे मी म्हणालो. शब्द जसेच्या तसे देतोय. तुम्ही पुढचा अर्धा चहा प्यायलात. मग म्हणालात, "बरं, माझा नको. तुमचा हात तर चालेल? एकदा लाँड्रीत या. एक चादर भिजवू. खुंटीला बांधून पिळा, मग माणूस धरून पिळा. दहा मिनिटं. तुम्हीच बघा आणि तुम्हीच लिहा."

पर्याय बिनतोड होता. मला तेव्हाही ते कळलं होतं. हमद टाउनहून झल्लाक गाडीने फार तर वीस मिनिटं. मी म्हटलं, "येतो. या आठवड्यात मफी टाइम, वेळच नाही."

पहिल्या वेळी तुम्ही हसलात. "मफी टाइम, मफी टाइम! अरब बॉसकडून तेवढंच शिकलात." दुसऱ्यांदा मी सुट्टीचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंच नाहीत, मीच आपणहून म्हटलं की जमलं नाही. खरं कारण असं की डेस्कवरचा माणूस जात नाही. तो फोन करतो, दुसऱ्या कागदाशी ताडून बघतो, जुने अंक काढतो. जाणं हे वार्ताहराचं काम. तीस वर्षांत मी बातमी तपासायला खुर्चीवरून उठून कुठे गेलो, असं एकदाही झालेलं नाही. एका ओल्या चादरीसाठी मी ते मोडणार नव्हतो. याला मी शिस्त म्हणत होतो.

तुमचा शेवटचा व्हॉइस मेसेज सोमवारचा आहे. एकोणीस सेकंद. मागे मशीनचा आवाज. "पत्रकार, ऐका. शुक्रवारी चहाला हूराला नको, इकडेच या. माया चहा करते, चांगला करते. अर्धा तास लवकर या म्हणजे ते काम पण होईल. यल्ला, ठेवते." मी लिहिलं, "बघतो." बुधवारी सकाळी रोशेलचा फोन आला.

फाइल घरी आणल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. परिच्छेद काढायला तुमची परवानगी होती. नियमही तेच सांगत होता. प्रकाशकाला त्याने काही फरक पडणार नव्हता. वाचणाऱ्यांपैकी कुणालाही कळणार नव्हतं की इथे अकरा ओळी होत्या. हे शेवटचं मनात आलं तेव्हा मी चित्र पुन्हा काढून बघितलं. चादर उजवीकडे जाते आणि चित्र संपतं.

मंगळवारी माझी साप्ताहिक सुट्टी. मी झल्लाकला गेलो.

तुमची लाँड्री तळघरात आहे हे मला माहीत नव्हतं. दहा वर्षं तुम्ही तिच्याबद्दल बोलत होतात आणि मी ती खिडक्या असलेली धरून चाललो होतो. खाली उतरताना चष्म्यावर वाफ आली. माया तिथे होती, तुमची नेपाळची माया, मिस्सेला रोशेलच्या मागेच बसलेली. मी हिंदीत सांगायला सुरुवात केली, मी क्लाराबाईंचा ओळखीचा, एक चादर हवी होती, ओली, थोडं विचित्र वाटेल पण...

"आप पत्रकार साब?" तिने मध्येच विचारलं.

"हो."

"दीदी छह महीने से बोल रही थी, आएगा. हम सब बोलते थे, नहीं आएगा." मग जरा थांबून, "शर्त लगी थी."

"कौन जीता?"

ती वळून मागच्या मांडणीकडे गेली. तिथे फाटलेल्या, रद्द केलेल्या चादरींचा गठ्ठा होता, पुसायला फडकी करतात त्यांचा. सगळ्यात वरच्या फळीवर एक डबल बेडची चादर वेगळी घडी घालून ठेवलेली होती. कोपऱ्याला तुमची ती चिठ्ठी शिवलेली, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावता तशी. एरवी तिच्यावर खोलीचा नंबर असतो. इथे तुमच्या न पुसणाऱ्या शाईने देवनागरीत लिहिलं होतं, "पत्रकार". माया देवनागरी वाचते, त्यामुळे ती चादर सहा महिने कुणी फाडली नाही. सुपरवायझरने दोनदा विचारलं होतं, ही कुणाची. तुम्ही सांगितलं होतंत, "गेस्ट की है."

आता प्रयोगाचं सांगतो. तुम्हाला तपशील हवा असेल.

चादर सुती, डबल, एका कडेला फाटलेली. सिमेंटच्या टाकीत पूर्ण भिजवली. पहिल्यांदा एक टोक भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधलं, दुसरं मी धरलं. ती किती जड असते याची मला कल्पना नव्हती. मनगटं पहिल्या सहा-सात वळशांतच दुखायला लागली. पीळ माझ्या हाताशी घट्ट बसला. कडीकडे चादर जवळजवळ तशीच लोंबत होती आणि मधून पाणी गळत होतं. माया बघत होती. "मशीन है ना साब," ती म्हणाली, "दो मिनट लगता है."

मग कडीची गाठ सोडली आणि ते टोक मायाने धरलं. मी माझ्या बाजूने फिरवायला लागलो. "ऐसे नहीं," ती म्हणाली. "आप उधर घुमाओ, मैं इधर. ज़ोर मत लगाओ. मुझे देखो, मेरे साथ घुमाओ." मी तिच्याकडे बघून फिरवलं. चादर आमच्यामध्ये वर आली, ताठ झाली. ज्या कामाला मला एकट्याला धाप लागली होती, ते थोड्याच वळशांत झालं. पाणी पाटासारखं खाली पडलं, माझे बूट भिजले. मी पीळ बघितला. माझ्या हाताशी घट्ट, मध्ये सैल, मायाच्या हाताशी पुन्हा घट्ट. तुमच्या फोटोकॉपीतलं चित्र मी खिशातून काढून शेजारी धरलं. माझ्या एका हातातून चादर सुटली तेव्हा माया ओरडली, "अरे साब, ऐसे छोड़ना नहीं, बोलके छोड़ना!"

दोन्ही प्रकार मी आणखी एकेकदा करून पाहिले. निष्कर्ष तोच. वेळ घड्याळाप्रमाणे बारा मिनिटं. तुम्ही दहा म्हणाला होतात.

नंतर मायाने चहा केला. खरंच चांगला करते. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून आम्ही प्यायलो. ती म्हणाली, पहिल्या वर्षी तिला चादरीची घडी जमत नव्हती, टोकं जुळत नसत, तेव्हा तुम्ही रोज समोर उभं राहायचात आणि नुसतं म्हणायचात, चादर मत देख, मुझे देख. मी काही लिहून घेतलं नाही. पण हे लक्षात राहिलं.

क्लाराबाई, माझी चूक मोठी नव्हती असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. बातमी चुकीची छापली गेली नाही. कुणाचं नुकसान झालं नाही. पण ज्या बायकांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून तुम्ही दहा वर्षं घालवलीत, त्यांच्यावरच्या पुस्तकात तुमचं म्हणणं कागद नाही म्हणून मी गाळायला निघालो होतो. मॅनेजरचा अहवाल मला स्रोत म्हणून चालला, कारण तो कागद होता. तुमचा हात चालला नाही. हे शुक्रवारी करक चहाच्या टेबलावर मला सुचायला हवं होतं. तुम्हाला ते पहिल्या दिवशीच दिसलं असणार, आणि तुम्ही ते मला बोलून दाखवलं नाहीत. भांडणात हाताशी असलेला सगळ्यात मोठा दगड तुम्ही उचलला नाहीत. त्याबद्दल मी आभार कसे मानतात ते शोधतो आहे.

एक हिशेब मात्र माझ्या बाजूनेही मांडू द्या. तुम्ही त्या ओळी सोडून द्यायला नको होत्या. मी अजून दोन-तीन आठवडे ताणलं असतं आणि मग आलो असतो, असं मी म्हणू शकतो. पुरावा नाही. म्हणून म्हणत नाही.

काल रात्रीची शिफ्ट नव्हती. दुपारी चौकट पुसली. लाल पेन्सिल होती, नीट जात नाही, गुलाबी डाग राहिलाय. अकरा ओळी तुमच्या जशाच्या तशा आहेत. "होतं"च्या जागी "असावं" करण्याचा मोह एकदा झाला. नीळ आठवली, "होतं"च ठेवलं.

खाली टीप घातली. तुमच्या नोकरीबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. लाँड्रीचंही नाव नाही. प्रकाशकाला पाठवण्याआधी तुम्हाला वाचून दाखवतो, रिवाजाप्रमाणे:

'हे निरीक्षण प्रत्यक्ष तपासलं आहे. भिजलेली मोठी सुती चादर एक टोक बांधून दोनदा आणि दोन माणसांनी धरून दोनदा पिळून पाहिली. चारही वेळा पीळ लेखिका म्हणते तसाच पडला. चित्राच्या चौकटीबाहेर कोण होतं याची नोंद मिळालेली नाही. तपासणी: संपादक.'

रोशेलला फोनवर वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग मराठीत म्हणाली, "अंकल, कुणी विचारलं तर? म्हणजे, हे खरं का म्हणून?"

मी तिला माझा नंबर शेवटच्या पानावर छापायला सांगितला आहे. स्रोत म्हणजे ज्याला पुन्हा फोन करून विचारता येतं. या अकरा ओळींसाठी तो आता मी आहे.